मॅक्रोला फाइलचा फोल्डर सापडत नाही: कारणं आणि उपाय

एक्सेलच्या मुख्य फाइलमधलं बटण दाबलं की शेजारच्या फायलींतले आकडे गोळा व्हायला हवेत. सोमवारी होतात, मंगळवारी होत नाहीत, बुधवारी पुन्हा होतात. फाइल तीच, फोल्डर तोच, कॉम्प्युटर तोच. पडद्यावर मात्र कधी १००४, कधी ७६, कधी ५२ नंबरचा एरर. फोंडा, डिचोली, वाळपई भागातल्या लहान ऑफिसांना एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, लिहून देण्याचं काम मी करतो, आणि सगळ्यांत जास्त फोन या एकाच तक्रारीचे येतात. "बाब, फाइल थंयच आहे, मला डोळ्यांनी दिसते, पण मॅक्रो म्हणतो मिळत नाही." बोलणारी व्यक्ती अगदी खरं सांगत असते. फाइल तिथेच असते. मॅक्रो दुसरीकडे शोधत असतो.

तो दुसरीकडे का शोधतो हे एकदा नीट कळलं की हा त्रास कायमचा संपतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. गोव्याचे तालुके १२. एका फोल्डरमध्ये बेरजेची मुख्य फाइल आहे आणि तिच्या शेजारी पेडण्यापासून काणकोणापर्यंत प्रत्येक तालुक्याची एक, अशा १२ फायली आहेत. काजू खरेदीचा हिशेब असो की वर्गणीचा, महिन्याअखेरीस मुख्य फाइलने एकेक फाइल उघडायची, बेरीज उचलायची आणि ती बंद करायची. फायलींची नावं सध्या इंग्रजी अक्षरांत आहेत असं धरू. देवनागरी नावांचा प्रश्न वेगळा आणि जास्त किचकट आहे, तो पुढे घेतो.

एक सूचना: कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. एडिटरमध्ये अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीतच टाइप करायचे.

आधी तीन ओळी विचारा

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक्सेलला काय वाटतंय ते बघून घ्या. ऑल्ट आणि एफ ११ दाबून व्हीबीए (मॅक्रो लिहिण्याची भाषा) एडिटर उघडा, मग कंट्रोल आणि जी दाबा. खाली इमिजिएट विंडो येईल. डावीकडच्या यादीत आपल्याच फाइलचा प्रोजेक्ट निवडा आणि एकेक ओळ लिहून एंटर दाबा:

? धिसवर्कबुक.पाथ
? ॲक्टिव्हवर्कबुक.पाथ
? करडिर

पाथ म्हणजे फोल्डरचा किंवा फाइलचा पूर्ण पत्ता. पहिल्या ओळीचं उत्तर म्हणजे ज्या फाइलमध्ये हा कोड लिहिलेला आहे तिचा फोल्डर. दुसरीचं उत्तर म्हणजे या घडीला पडद्यावर पुढे असलेल्या फाइलचा फोल्डर. तिसरीचं उत्तर म्हणजे एक्सेलचा चालू फोल्डर, आणि त्याचा तुमच्या फाइलशी काहीही संबंध असेलच असं नाही.

तिन्ही उत्तरं सारखी आली तर मॅक्रो चालतो आणि आपल्याला वाटतं कोड बरोबर आहे. तो बरोबर नसतो, फक्त त्या दिवशी तिन्ही गोष्टी एका जागी आलेल्या असतात. सोमवार आणि मंगळवार यांच्यातला फरक इथेच आहे.

चालू फोल्डरवर विसंबू नका

कोडमध्ये नुसतं वर्कबुक्स.ओपन आणि पुढे "फोंडा.एक्सएलएसएक्स" एवढंच लिहिलं, फोल्डर दिलाच नाही, तर एक्सेल ती फाइल चालू फोल्डरमध्ये शोधतो. एक्सेल सुरू होताना हा चालू फोल्डर बहुधा डॉक्युमेंट्स असतो. नंतर कुणी फाइल मेनूतल्या ओपनच्या खिडकीतून दुसऱ्या फोल्डरमधली फाइल उघडली, तर तो बदलू शकतो. मुख्य फाइल त्या खिडकीतून उघडली की चालू फोल्डर आपोआप योग्य जागी येतो आणि मॅक्रो धावतो. तीच फाइल डेस्कटॉपवर डबल क्लिक करून किंवा अलीकडच्या फायलींच्या यादीतून उघडली की चालू फोल्डर डॉक्युमेंट्समध्येच राहतो आणि १००४ येतो. वापरणाऱ्याच्या लेखी दोन्ही वेळा त्याने फाइल 'उघडली', एवढंच. म्हणून हा दोष फोनवर पकडायला फार अवघड जातो.

काही जण यावर मॅक्रोच्या सुरुवातीला सीएचडिर लिहून चालू फोल्डर बदलतात. हा उपाय मला पटत नाही. सीएचडिर फोल्डर बदलतो, ड्राइव्ह बदलत नाही. एक्सेल सी ड्राइव्हवर आणि तुमचा हिशेब डी ड्राइव्हवर असेल तर सीएचडिर चालवूनही एक्सेल सी वरच शोधत राहतो, आणि एररही येत नाही. त्यासाठी सीएचड्राइव्ह वेगळा लिहावा लागतो. ऑफिसात सर्व्हर असेल आणि पाथ दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होत असेल, तर सीएचड्राइव्ह तिथे चालतच नाही. शिवाय मॅक्रो सुरू असताना मध्येच फाइल निवडायची खिडकी दाखवली तर चालू फोल्डर पुन्हा हलू शकतो. जी गोष्ट कुणीही, कधीही हलवू शकतं, तिच्यावर महिन्याचा हिशेब उभा करू नये.

तसाच दुसरा प्रकार म्हणजे पूर्ण पाथ कोडमध्ये लिहून ठेवणं: सी ड्राइव्ह, यूझर्स, अमक्याचं नाव, डेस्कटॉप. ज्याच्या टेबलावर लिहिला त्याच्याकडे तो वर्षानुवर्षं चालेल. म्हापशाच्या शाखेत पेन ड्राइव्हवर नेला की पहिल्याच ओळीला आपटेल, कारण तिथे त्या नावाचा यूझरच नाही.

फाइललाच विचारा

योग्य उत्तर बहुतेक वेळा धिसवर्कबुक.पाथ हेच असतं. कोड ज्या फाइलमध्ये आहे, तिचा फोल्डर. फाइल पेन ड्राइव्हवर गेली, पणजीच्या ऑफिसात गेली, डी ड्राइव्हवरून ई वर गेली, तरी उत्तर तिच्यासोबत हलतं. शेजारच्या १२ फायली सोबत नेल्या की काम झालं.

ॲक्टिव्हवर्कबुक.पाथ दिसायला तसंच आणि वागायला वेगळं. वर्कबुक्स.ओपनने फोंड्याची फाइल उघडली की त्या क्षणापासून ॲक्टिव्ह फाइल फोंड्याची होते. सगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये असतील तर चूक झाकली जाते. पुढे कुणी नीटनेटकेपणासाठी उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा असे दोन उपफोल्डर केले की पहिली फाइल उघडते, आणि ती उघडी असतानाच दुसरी मागितली की मॅक्रो अडतो. पहिली उघडून दुसरी अडली, तर ॲक्टिव्हवर्कबुकचा संशय आधी घ्या.

एक अपवाद आहे. मॅक्रो पर्सनल मॅक्रो वर्कबुकमध्ये किंवा ॲड-इनमध्ये (सगळ्या फायलींना वापरता यावेत म्हणून मॅक्रो ठेवायच्या वेगळ्या फायली) ठेवला असेल, तर धिसवर्कबुक म्हणजे ती पर्सनल फाइल किंवा ते ॲड-इन. पाथमध्ये एक्सएलस्टार्ट किंवा ॲडइन्स नावाचा, तुम्ही कधी न बघितलेला फोल्डर दिसला तर हेच झालेलं असतं. अशा मॅक्रोत ॲक्टिव्हवर्कबुकच घ्यावा लागतो. पण तो मॅक्रोच्या पहिल्या ओळीत, दुसरी कोणतीही फाइल उघडण्याआधी, एका व्हेरिएबलमध्ये (कोडमधलं साठवणीचं नाव) पकडून ठेवा आणि पुढे सगळीकडे तो व्हेरिएबलच वापरा.

पाथच्या शेवटी तिरकी रेघ येत नाही, ती आपण जोडायची. ती विसरली की फोल्डरचं नाव आणि फाइलचं नाव एकमेकांना चिकटतं आणि 'हिशेबफोंडा' नावाची भलतीच फाइल शोधली जाते. मी प्रत्येक कामात हे छोटं फंक्शन ठेवतो:

फंक्शन हिशेबफोल्डर() ॲज स्ट्रिंग
डिम पी ॲज स्ट्रिंग, एस ॲज स्ट्रिंग
पी = धिसवर्कबुक.पाथ
इफ पी = "" देन एक्झिट फंक्शन
एस = ॲप्लिकेशन.पाथसेपरेटर
इफ इनस्ट्र(पी, "://") > ० देन एस = "/"
इफ राइट(पी, १) <> एस देन पी = पी & एस
हिशेबफोल्डर = पी
एंड फंक्शन

ॲप्लिकेशन.पाथसेपरेटर विंडोजवर उलटी तिरकी रेघ देतो, मॅकवरच्या आजच्या एक्सेलमध्ये सरळ तिरकी. मधल्या ओळीतल्या "://" च्या तपासणीचं कारण पुढे वनड्राइव्हच्या (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फायली साठवायची सेवा) भागात येईल.

पाथ रिकामाच आला तर

फाइल एकदाही सेव्ह केलेली नसेल तर धिसवर्कबुक.पाथ रिकामी स्ट्रिंग देतो. एरर देत नाही, आणि धोका नेमका तिथे आहे. रिकाम्या पाथला तिरकी रेघ आणि फाइलचं नाव जोडलं की तयार होतं "\फोंडा.एक्सएलएसएक्स", ज्याचा अर्थ विंडोज घेतो: चालू ड्राइव्हच्या मुळाशी असलेली फोंड्याची फाइल. तिथे एखादी जुनी प्रत पडलेली असेल तर मॅक्रो ती मुकाट्याने उघडेल, गेल्या वर्षीचे आकडे बेरजेत येतील आणि कुणाला पत्ता लागणार नाही. एरर आलेला बरा. म्हणून फंक्शनमधून रिकामं उत्तर आलं तर मॅक्रो तिथेच थांबवा आणि 'आधी फाइल सेव्ह करा' असा संदेश द्या.

"पण मी तर सेव्ह केली आहे" असं कुणी म्हणत असेल तर फाइल टेम्प्लेट आहे का ते बघा. टेम्प्लेटवर डबल क्लिक केलं की एक्सेल त्याची नवी प्रत उघडतो. तिचं नाव ओळखीचं असतं, शेवटी एक आकडा लागतो, पण तिला अजून घर नसतं.

आपल्याकडे पावसात वीज जाते तेव्हा आणखी एक प्रकार घडतो. सेव्ह न केलेली फाइल नंतर एक्सेलच्या 'न जतन केलेल्या फायली परत मिळवा' या सोयीतून उघडली, तर ती ऑफिसच्या अनसेव्हड फाइल्स नावाच्या आतल्या फोल्डरमधून उघडते. पाथ मिळतो, पण शेजारी तालुक्याची एकही फाइल नाही. आधी ती आपल्या फोल्डरमध्ये सेव्ह ॲज करा, मगच बटण दाबा.

ईमेलची जोडपत्रं आणि झिप यांचंही हेच. झिपच्या आतच डबल क्लिक केलं की विंडोज ती एक फाइल टेम्प फोल्डरमध्ये काढून उघडतो, बाकीच्या १२ झिपमध्येच राहतात. पाथमध्ये टेम्प किंवा आयनेटकॅश असा शब्द दिसला तर कोडला हात लावू नका. झिप पूर्ण उलगडा, फोल्डर जागेवर ठेवा आणि तिथून फाइल उघडा. अशा फायलींना एक्सेल लाल पट्टी दाखवून मॅक्रोच बंद ठेवत असेल तर तो पाथचा दोष नाही. इंटरनेटवरून आलेल्या फायलींचे मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केली. पाठवणारा ओळखीचा असेल तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकवर खूण करावी लागते.

पाथच्या जागी वेबचा पत्ता येतो

गेल्या काही वर्षांत सगळ्यांत जास्त डोकं खाणारा प्रकार हा. धिसवर्कबुक.पाथ विचारलं तर सी ड्राइव्हऐवजी एचटीटीपीएसने सुरू होणारा लांबलचक पत्ता येतो. वैयक्तिक वनड्राइव्ह असेल तर त्यात डी.डॉक्स.लाइव्ह.नेट दिसतं, ऑफिसचं खातं असेल तर शेअरपॉइंट. डिर हे फाइल आहे का ते बघणारं फंक्शन असा पत्ता दिला की ५२ नंबरचा एरर देतं. मजकूर वाचणारा जुना ओपन, किल, फाइलकॉपी, फाइलसिस्टिमऑब्जेक्ट, कुणालाच तो कळत नाही.

लोक सांगतात, "आम्ही वनड्राइव्ह वापरतच नाही." त्यांचा त्यात दोष नाही. विंडोज सुरुवातीला बॅकअप घेऊ का असं विचारतं, कुणीतरी हो म्हणतं, आणि डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या आत हलतात. डेस्कटॉप दिसायला होता तसाच दिसतो. त्यावरची फाइल मात्र आता ढगाशी जोडलेली असते आणि एक्सेल तिचा ढगातला पत्ता सांगतो. काल चालणारा मॅक्रो, कुणीही काही न बदलता, आज बंद पडतो.

चार मार्ग आहेत, आणि माझी पसंती पहिल्या मार्गाला.

पहिला: मुख्य फाइल आणि तिच्या १२ सोबतिणी वनड्राइव्हच्या बाहेर, डी ड्राइव्हवर किंवा ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवा. बॅकअप वेगळा घ्या. लहान ऑफिसला याहून साधं काही नाही.

दुसरा: वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ऑफिस ॲप्सनी ऑफिसच्या फायली सिंक करायच्या की नाही, असा पर्याय असतो. आवृत्तीप्रमाणे त्याची जागा आणि नाव बदललं आहे. तो बंद केला की एक्सेल पुन्हा सी ड्राइव्हचा पाथ देतो. पण मग एकाच फाइलमध्ये अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची सोय आणि ऑटोसेव्ह जातं. दोघं-तिघं एकत्र काम करत असतील तर त्यांना विचारल्याशिवाय हे करू नका.

तिसरा: शेजारच्या फायली एक्सेलच्याच असतील आणि त्या फक्त उघडायच्या असतील, तर वेबचा पत्ता तसाच वापरा. वर्कबुक्स.ओपनला तो चालतो. फक्त फाइलचं नाव सरळ तिरक्या रेघेने जोडायचं. विंडोजवर पाथसेपरेटर या पत्त्यासाठीही उलटीच रेघ देतो, म्हणून वरच्या फंक्शनमध्ये "://" ची तपासणी ठेवली आहे. फाइल आहे की नाही हे डिरने आधी बघायचं असेल तर हा मार्ग बंद.

चौथा: पत्त्याचं रूपांतर करा. एन्व्हायरॉन("वनड्राइव्ह") लिहिलं की तुमच्या डिस्कवरचा वनड्राइव्हचा मूळ फोल्डर मिळतो. ऑफिसच्या खात्यासाठी एन्व्हायरॉन("वनड्राइव्हकमर्शियल") आहे. वैयक्तिक खात्याच्या पत्त्यात एचटीटीपीएस, सर्व्हरचं नाव आणि त्यापुढचा खात्याचा सांकेतिक क्रमांक एवढं सोडून जे उरतं, तो तुमच्या फोल्डरांचा क्रम. सरळ रेघा उलट्या करून तो मूळ फोल्डरला जोडायचा. ऑफिसच्या खात्यात डॉक्युमेंट्स या शब्दापुढचा भाग घ्यायचा. पण दुसऱ्याने शेअर केलेला फोल्डर किंवा शेअरपॉइंटची लायब्ररी असेल तर हा हिशेब जुळत नाही. तिथे विंडोजच्या रजिस्ट्रीत सिंकइंजिन्स या भागाखाली प्रत्येक जोडलेल्या फोल्डरचा वेबचा पत्ता आणि डिस्कवरची जागा अशी जोडी नोंदलेली असते, ती वाचावी लागते. हे जमतं, पण दुसऱ्याच्या ऑफिसात लावून दिल्यावर त्याची देखभाल तुमच्याच गळ्यात येते हे लक्षात ठेवा.

फोल्डरचं नाव मराठीत असेल तर

याबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं दिसत नाही, आणि आपल्या लोकांना तर हेच जास्त लागतं. फोल्डरचं नाव 'काजू हंगाम', फायलींची नावं 'सत्तरी', 'सांगे', 'धारबांदोडा'. आपल्या भाषेत नावं ठेवण्यात काहीही चूक नाही. विंडोजला ती चालतात, एक्सेललाही चालतात. अडतं ते व्हीबीएच्या जुन्या भागांना.

इमिजिएट विंडोत किंवा मेसेज बॉक्समध्ये पाथ दाखवला की मराठी अक्षरांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हं येतात. इथे बहुतेक जण समजतात की पाथ बिघडला. तो बिघडलेला नसतो. धिसवर्कबुक.पाथ आतून पूर्ण युनिकोड (सगळ्या लिप्या सामावणारी अक्षरपद्धत) आहे, फक्त दाखवणाऱ्या खिडकीला देवनागरी येत नाही. खात्री करायची तर तोच पाथ एखाद्या सेलमध्ये लिहून बघा, म्हणजे शीट १ च्या ए१ मध्ये व्हॅल्यू म्हणून द्या. तिथे तो स्वच्छ मराठीत उमटेल.

खरा बिघाड डिरमध्ये होतो. डिर, किल, एमकेडिर, फाइलकॉपी आणि मजकूर वाचणारा जुना ओपन, हे सगळे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने चालतात. त्यांच्याकडे जाताना 'सत्तरी' ची खरोखरच प्रश्नचिन्हं होतात, आणि फाइल समोर असूनही ती नाही असं उत्तर येतं. विंडोजची सिस्टिम भाषा मराठी करून बघा असा सल्ला मिळतो. त्याने उपयोग होत नाही, कारण देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसं जुनं कोडपेज (एका लिपीच्या अक्षरांचा तक्ता) नाहीच. मराठी आणि हिंदी विंडोजवर युनिकोडमधूनच आले. यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) सर्वत्र लागू करण्याचा एक बीटा पर्याय विंडोज १० पासून आहे, पण जुनं बिलिंगचं सॉफ्टवेअर किंवा जुन्या फॉन्टवर चालणारं डीटीपी असलेल्या मशीनवर तो लावू नये. ते प्रोग्राम जुन्याच पद्धतीवर उभे असतात आणि त्यांची अक्षरं विस्कटू शकतात.

उपाय सोपा आहे. फाइल आहे का बघणं, कॉपी करणं, फोल्डर तयार करणं, यादी काढणं ही सगळी कामं फाइलसिस्टिमऑब्जेक्टकडे द्या. क्रिएटऑब्जेक्ट("स्क्रिप्टिंग.फाइलसिस्टिमऑब्जेक्ट") असं लिहून तो मिळतो, आणि त्याचे फाइलएक्झिस्ट्स, कॉपीफाइल, क्रिएटफोल्डर हे सगळे देवनागरी नीट समजतात. वर्कबुक्स.ओपनलाही मराठी पाथ चालतो.

आणि १२ तालुक्यांची नावं कोडमध्ये लिहू नका. एडिटरला देवनागरी येत नसल्यामुळे तुम्ही 'केपे' पेस्ट केलं की तिथेच प्रश्नचिन्हं होतील. नावं एका शीटवर, एकाखाली एक, सेलमध्ये लिहा आणि मॅक्रोने ती तिथून वाचावी. याचा दुसरा फायदाही आहे: उद्या यादी बदलली तर कोड उघडावा लागत नाही. पूर्वी गोव्यात ११ तालुके होते, धारबांदोडा नंतर झाला. ज्यांनी नावं कोडमध्ये लिहिली होती त्यांना कोड उघडावा लागला असणार.

शेजारची फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला साधा मजकूर) असेल आणि तिच्या आत मराठी मजकूर असेल तर वर्कबुक्स.ओपनटेक्स्ट वापरा आणि ओरिजिनच्या जागी ६५००१ द्या. तो यूटीएफ-८ चा क्रमांक आहे. नाहीतर पाथ बरोबर मिळूनही आतला मजकूर वाचता येईलच असं नाही.

मध्येच पाथ बदलतो

मॅक्रो सुरुवातीला बॅकअप घेतो आणि मग बेरीज करतो. बॅकअपसाठी सेव्हॲज वापरला असेल तर त्या ओळीनंतर तुमच्यासमोर उघडी फाइल म्हणजे बॅकअपची प्रत, आणि धिसवर्कबुक.पाथ बॅकअपचा फोल्डर. पुढे तालुक्यांच्या फायली तिथे शोधल्या जातात. सेव्हकॉपीॲज वापरा. त्याने प्रत जागेवर जाते आणि मूळ फाइल होती तिथेच राहते.

पाथची लांबीही एकदा मोजून बघा. एक्सेलला फोल्डर आणि फाइलचं नाव मिळून २१८ अक्षरांपलीकडे चालत नाही. फोल्डरात फोल्डर, त्यात वर्ष, त्यात महिना, त्यात 'अंतिम', त्यात 'खरंच अंतिम', असं करत गेलं की ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर येते.

मॅक्रोशिवाय, फॉर्म्युल्याने

फक्त पाथ दाखवायचा असेल तर सेल फंक्शन पुरतं: =सेल("फाइलनेम", ए१). उत्तरात फोल्डर, मग चौकटी कंसात फाइलचं नाव, मग शीटचं नाव येतं. पहिल्या चौकटी कंसाच्या आधीचा भाग लेफ्ट आणि फाइंड वापरून कापून घ्या. ए१ देणं टाळू नका. तो नसेल तर एक्सेल आकडेमोड होताना निवडलेल्या सेलची माहिती देतो, आणि दोन फायली उघड्या असतील तर तो सेल दुसऱ्याच फाइलमधला असू शकतो.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये

इथे फाइलला विचारायचा प्रश्न म्हणजे धिसकंपोनंट.यूआरएल. उत्तर फाइल, विसर्गचिन्ह आणि तीन सरळ तिरक्या रेघा अशा पत्त्याने सुरू होतं आणि शेवटी फाइलचं नावही असतं. मराठी नाव असेल तर प्रत्येक अक्षरचिन्हाच्या जागी टक्क्याच्या खुणा असलेले तीन तुकडे येतात, त्यामुळे 'सत्तरी' एवढ्याशा नावाची लांबलचक ओळ होते. घाबरू नका. आधी शेवटच्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग कापा, मग तो कन्व्हर्टफ्रॉमयूआरएल या फंक्शनमधून काढा. स्वच्छ मराठी फोल्डर मिळेल. लिब्रेऑफिसला देवनागरीचं एक्सेलसारखं वावडं नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू.

फाइल सेव्ह झाली आहे का ते धिसकंपोनंट.हॅजलोकेशन सांगतो. मॅक्रो फाइलच्या आत असेल तर धिसकंपोनंट म्हणजे तीच फाइल. 'माय मॅक्रोज' मध्ये असेल तर त्या वेळी पुढे असलेली फाइल, म्हणजे एक्सेलच्या पर्सनल मॅक्रोचाच प्रश्न पुन्हा.

गूगल शीट्समध्ये मात्र पाथ ही कल्पनाच लागू नाही. तिथे फाइलला ओळखक्रमांक असतो, आणि ॲप्स स्क्रिप्टमधून ड्राइव्हॲपला त्या क्रमांकाची फाइल मागून गेटपेरेंट्सने तिचा फोल्डर काढावा लागतो. शेअर होऊन आलेल्या फाइलचा फोल्डर तुम्हाला दिसण्याची परवानगी नसेल तर तो मिळत नाही. तिथे शेजारच्या फायली नावाने शोधण्यापेक्षा त्यांचे क्रमांक शीटवर लिहून ठेवलेले बरे.

मदत मागताना

एवढं करूनही अडलं तर मदत करणाऱ्याला नुसता एररचा फोटो पाठवू नका. सुरुवातीच्या तीन ओळींची तीन उत्तरं, एररचा नंबर, पिवळी झालेली ओळ, आणि फाइल कशी उघडली होती, म्हणजे डबल क्लिकने, ओपनच्या खिडकीतून, ईमेलमधून की झिपमधून, एवढं लिहून पाठवा. पाथमध्ये मराठी असेल तर तो मेसेज बॉक्समधला नको, सेलमध्ये उतरवून तिथून कॉपी केलेला द्या.